जलाशयात सोडायच्या बोटुकलीला शेवटच्या दोन महिन्यांत काय आणि कसं खायला घालावं?

वाई_धोम | ११ जुलै, रात्री ९:१०

अमेरिका-कॅनडातल्या सॅमन माशाच्या हॅचऱ्यांत (पिल्लं काढून वाढवायच्या केंद्रांत) पिल्लू सोडल्यावर किती जगतं, त्यावर खाद्याचं बरंवाईट ठरवतात. आपल्याकडं बोटुकलीचं (बोटाएवढ्या माशाच्या पिल्लाचं) बिल नगावर आणि लांबीवर निघतं. त्यामुळं तळ्यात खाद्य पडतं ते लांबी गाठण्यापुरतं, आणि धरणात गेल्यावर पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही. धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना अशा पाण्यात सोडायच्या बीजाचं खाद्य मुळापासून बघायला हवं, म्हणून हा धागा.

ठोस उदाहरण धरू. १० गुंठ्यांचं मातीचं संगोपन तळं. ऑगस्टच्या सुरुवातीला २५ ते ३० मिमीचं २०,००० मत्स्यबीज (कटला, रोहू, मृगळ) सोडायचं आणि ऑक्टोबरमध्ये ८० ते १०० मिमीची बोटुकली काढायची. खाद्य म्हणजे सगळीकडं चालतं तेच: शेंगपेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. यात काय कमी पडतं? सॅमनवाल्यांकडून काय घ्यावं आणि काय सोडून द्यावं?

---

पोषणशास्त्र_सांगली | ११ जुलै, रात्री १०:३५

आधी काय सोडायचं ते सांगते. सॅमन मांसाहारी आहे. त्याच्या खाद्यात ४० ते ५० टक्के प्रथिनं आणि १५ ते २५ टक्के तेल असतं. ते प्रमाण कार्पला (कटला, रोहू, मृगळ हे सगळे कार्पच) दिलं तर पैसा पाण्यात आणि चरबी पोटात. कटला-रोहूच्या बोटुकलीला ३० ते ३५ टक्के प्रथिनं आणि ६ ते ८ टक्के स्निग्धांश पुरतात.

दुसरा फरक जठराचा. सॅमनला जठर असतं, कार्पला नसतं. जठर नाही म्हणजे आम्ल नाही, आणि आम्ल नाही म्हणजे हाडाच्या चुऱ्यातलं फॉस्फरस विरघळत नाही. सायप्रिनस या कार्पवर झालेल्या चाचण्यांत मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधलं फॉस्फरस ९० टक्क्यांच्या वर वापरलं गेलं, डायकॅल्शियममधलं निम्म्याच्या आसपास आणि ट्रायकॅल्शियममधलं जेमतेम १३ टक्के. दुकानदार ‘कॅल्शियम पावडर’ म्हणून हातात देतो ती बहुतेक डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट असते. पोत्यावर ‘मोनो’ लिहिलंय का ते वाचूनच घ्या.

आता निम्म्या-निम्म्या मिश्रणाचं बघू. शेंगपेंड साधारण ४२ टक्के, कोंडा १२ टक्के, म्हणजे मिश्रणात २७ टक्के प्रथिनं. तेवढ्यावर मासा मरत नाही, तळ्यातल्या प्लवंगांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) उरलेलं भागवतो. पण शेंगपेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही प्रथिनांतली गरजेची अमिनो आम्लं दोन्ही कमी. कोंड्यातलं फॉस्फरस फायटेट या न पचणाऱ्या रूपात अडकलेलं. क जीवनसत्त्व नाहीच.

क जीवनसत्त्वाकडं नीट बघा. ते कमी पडलं की पाठीचा कणा वाकतो, कल्ल्यांची कूर्चा वेडीवाकडी होते आणि जखम भरत नाही. बोटुकली ओढजाळ्यातून, हापातून (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीतून), पिशवीतून जाते तेव्हा खवले निघणारच. ती जखम आठवड्यात भरली तर मासा वाचला. नाही भरली तर त्यावर बुरशी किंवा एरोमोनास हा जिवाणू बसतो, आणि तो मरतो धरणात, जिथं आपल्याला दिसत नाही.

---

कोयनाकाठ | १२ जुलै, सकाळी ७:५०

ताई, १०० किलोचा हिशोब मांडता का? माल शक्यतो सांगली-कराडात मिळणारा धरून.

---

पोषणशास्त्र_सांगली | १२ जुलै, दुपारी २:१५

घ्या. सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) ३० किलो, ताजी शेंगपेंड २० किलो, फिश मील (सुक्या माशाचं पीठ) १२ किलो, राईस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) २२ किलो, गव्हाचं पीठ १२ किलो, तेल दीड किलो (अर्धं माशाचं, अर्धं सोयाचं), मोनोकॅल्शियम फॉस्फेट १ किलो, माशांसाठीचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण १ किलो, मीठ अर्धा किलो. बेरीज १००. प्रथिनं ३३ टक्क्यांच्या आसपास, स्निग्धांश ७ च्या आसपास.

याशिवाय क जीवनसत्त्व. साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड वाफेत आणि साठवणीत उडून जातं. फॉस्फेट रूपातलं घ्या, त्यावर बहुधा ३५ टक्के असं लिहिलेलं असतं. किलोला ३०० मिलिग्रॅम धरलं तर १०० किलोला ३० ग्रॅम शुद्ध, म्हणजे या पावडरचं साधारण ८५ ग्रॅम. नुसत्या वाढीला एवढं लागत नाही, हे हाताळणीच्या ताणासाठी आहे. ई जीवनसत्त्व ५० टक्क्यांची पावडर २० ग्रॅम.

कृती: सगळं कोरडं साहित्य अर्ध्या मिमीच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक दळा. जाडसर भरड राहिली तर मासा तुकडे वेचून खातो आणि फॉर्म्युला कागदावरच राहतो. जीवनसत्त्वं आणि तेल बाजूला ठेवून बाकीचं ३५-४० टक्के पाण्यात मळा आणि २० मिनिटं वाफवा. हाताला कोमट लागेल इतकं निवल्यावर तेलात कालवलेली जीवनसत्त्वं मिसळा, शेवेच्या साच्यातून काढा, सावलीत वाळवा, मग चुरून चाळा. २५ ते ४० मिमीच्या माशाला पाऊण ते १ मिमीचा चुरा, ७० मिमीपर्यंत सव्वा मिमी, पुढं दीड ते दोन.

काचेच्या ग्लासात दहा दाणे टाकून बघा. अर्धा तास तरी आकार टिकला पाहिजे. आधीच विरघळले तर पीठ नीट शिजलेलं नाही, वाफ वाढवा.

सोया डीओसी चांगली भाजलेली हवी. कच्च्या सोयात ट्रिप्सिन रोखणारे घटक असतात, प्रथिनं पचतच नाहीत. चवीला कच्चट, हिरवट लागली तर परत करा.

---

चिपाड_पलूस | १२ जुलै, रात्री ८:४०

फिश मीलचा दर बघता कुंभार्ली घाटातून येणारा सुका जवळा वापरला तर?

---

पोषणशास्त्र_सांगली | १२ जुलै, रात्री ९:०५

चालेल, बोटुकली तो आवडीनं खाते. पण दोन गोष्टी तपासा, वाळू आणि मीठ. मूठभर जवळा बारीक करून पाण्याच्या ग्लासात ढवळा आणि दोन मिनिटं थांबा. तळाला किरकिर बसली तर तेवढी वाळू तुम्ही प्रथिनांच्या भावात घेतलीत. मिठाचा असेल तर वरचं अर्धा किलो मीठ काढून टाका. कवचामुळं त्यात राख जास्त असते, म्हणून १२ किलो फिश मीलच्या जागी १४-१५ किलो जवळा धरा आणि पॉलिश तेवढी कमी करा.

---

कोयनाकाठ | १३ जुलै, सकाळी ६:३०

सावलीत वाळवा म्हणताय खरं, पण ऑगस्टमध्ये पाटण-जावळीत कपडे वाळत नाहीत, खाद्य कुठनं वाळणार? वरून कोरडं दिसतं, आत ओल राहते आणि चौथ्या दिवशी पोत्यात बुरशी.

---

मत्स्यबीज_काका | १३ जुलै, दुपारी १२:२०

कोयनाकाठ, पावसाळ्यात खाद्याचा मोठा घाणा (एका वेळचं मिश्रण) काढायचाच नाही. आठ-दहा दिवसांपुरतं बनवा. जाळीच्या ट्रेवर एक सेंटीमीटर थर, खालून हीटर-ब्लोअर, हवा ५०-५५ अंशांच्या वर नको. ओल १० टक्क्यांखाली गेली की दाणा नखानं दाबल्यावर चेपत नाही, टचकन तुटतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब.

शेंगपेंडीबद्दल मात्र कडक राहा. दमट गोदामातल्या पेंडीवर ॲस्परजिलस बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते वाफवून, उन्हात घालून जात नाही. बुरशी झटकून पेंड वापरणारे बरेच दिसतात, पण विष आतच राहतं. मासा लगेच मरत नाही, यकृत निकामी होत जातं. तळ्यात सगळं ठीक दिसतं आणि वाहतुकीचा ताण बसला की ढीग लागतो. शंका आली तर पेंड पूर्ण काढा आणि तेवढीच सोया डीओसी वाढवा. मेथिओनिन तरीही कमीच पडेल, त्यासाठी १०० किलोला १५०-२०० ग्रॅम डीएल-मेथिओनिन घाला.

राईस पॉलिशचंही तसंच. गिरणीतून निघाल्यापासून तिच्यातलं तेल खवट व्हायला लागतं. आठवड्यापेक्षा जुनी घेऊ नका, किंवा आणल्या दिवशी कढईत कोरडी भाजून ठेवा. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं आणि माशाचे स्नायू ढिले पडतात.

---

जतचं_तळं | १३ जुलै, रात्री ९:४५

आमच्याकडं मातीचं तळं नाही, कागद टाकलेली शेततळी आहेत. म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन आलं की भरतात. त्यात बोटुकली वाढवून तलावात सोडायची तर काही वेगळं करावं लागतं का?

---

चिपाड_पलूस | १३ जुलै, रात्री १०:३०

लागतं. कागदाच्या तळ्यात गाळ नाही, म्हणजे तळातल्या अळ्या-किडे नाहीत. मृगळ तळातलं टिपून खाणारा मासा, त्याला तिथं शिकायला काही मिळत नाही. तिथं कटला-रोहूवरच भर द्या.

रोहूसाठी उसाची चिपाडं वापरा. गुऱ्हाळावरची वाळलेली चिपाडं दोन-दोन किलोच्या जुड्या बांधून, दोरीनं पाण्यात अर्धा मीटर खोल लोंबत सोडायच्या, तळाला टेकू द्यायच्या नाहीत. दोन आठवड्यांत त्यावर शेवाळ, जिवाणू आणि बारीक किड्यांचा बुळबुळीत थर चढतो. रोहू तोंड घासून तो खरवडत बसतो, आणि धरणात त्याला नेमकं हेच करायचं असतं. कोयनेसारख्या स्वच्छ पाण्यात प्लवंग कमीच. तिथं दगडावरचं, बुडालेल्या झाडावरचं खरवडता आलं तर पोट भरेल.

काळजी एवढीच की चिपाडात साखर उरलेली असते, ती कुजताना प्राणवायू ओढते. आधी दोन-तीन दिवस टाकीत भिजवून ते आंबूस पाणी टाकून द्या. १० गुंठ्यांना एकदम ६० जुड्या सोडू नका, २० सोडा आणि सूर्योदयाआधीचा प्राणवायू मोजा. ४ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेला तर निम्म्या काढा.

जतवाल्यांनो, याच पाण्यावर डाळिंबाचं ठिबक असेल तर शेवाळानं फिल्टर तुंबतो. सक्शनला बारीक जाळी लावा आणि शेणखत त्या तळ्यात घालूच नका.

---

वाई_धोम | १४ जुलै, सकाळी ८:१५

तरंगत्या गोळीचं काय मत आहे? मासा किती खातो ते डोळ्यांना दिसतं, वाया जात नाही. बोटुकलीवाले आता बरेच तिकडं वळलेत.

---

मत्स्यबीज_काका | १४ जुलै, सकाळी १०:००

विकायच्या माशाला तरंगती गोळी उत्तम. सोडायच्या माशाला शेवटपर्यंत तीच दिली तर घात होतो. रोज ठरल्या वेळी, ठरल्या कोपऱ्यात, माणसाची सावली पडली की गोळी पडते. दोन महिन्यांत मासा एकच गोष्ट शिकतो: वर काही हललं की वर जायचं. धरणात वर हलतो तो पाणकावळा, नाहीतर ढोकरी. खालून शिवडा आणि मरळ आहेतच.

सॅमनवाल्यांकडून घ्यायचं ते इथं. वॉशिंग्टन राज्यात १९९० च्या दशकात काँक्रीटच्या टाक्यांत खडी, आडोसा आणि वर सावलीची जाळी लावून, पाण्याखालून खाद्य देऊन पिल्लं वाढवायचे प्रयोग झाले. खडीवर वाढलेल्या पिल्लांचा रंग ओढ्याच्या तळाशी मिळताजुळता झाला आणि सोडल्यावर ओढ्यातून खाली जाताना ती जास्त वाचली. यात खर्चाचं फारसं काही नाही, सवयीचं आहे.

---

पोषणशास्त्र_सांगली | १४ जुलै, दुपारी १:४०

काकांशी सहमत, पण पहिल्या पाच-सहा आठवड्यांत तरंगती गोळी वापरायला माझी हरकत नाही. तेव्हा आकार गाठणं महत्त्वाचं, कारण जलाशयात ८० मिमीच्या खालचं बीज म्हणजे शिकाऱ्याच्या तोंडातला घास. बदल शेवटच्या २० दिवसांत करा.

चरबीबद्दल सॅमनचं एक उदाहरण उपयोगी आहे. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात, याकिमा उपनदीच्या हॅचरीत चिनूक सॅमनचे बरेच नर समुद्रात न जाता लहानपणीच प्रजननक्षम होतात असं आढळलं. कारण होतं भरमसाट खाद्यानं झालेली वेगवान वाढ आणि साठलेली चरबी. आपल्या कार्पमध्ये हा प्रकार तसाच होत नाही, पण गुटगुटीत पिल्लू म्हणजे चांगलं पिल्लू हे समीकरण तिथंही चुकलं.

आपल्याकडं तपासायचं असं: २० बोटुकल्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये घ्या. वजन भागिले लांबीचा घन, गुणिले १००. रोहूला उत्तर १ ते १.२ च्या आसपास यावं. १० सेंटिमीटरचा मासा १० ते १२ ग्रॅम. १ च्या बराच खाली असेल तर उपाशी आहे, सोडू नका. तीन-चार मासे फाडून बघा. यकृत गडद तांबूस हवं. पिवळट, ठिसूळ, तेलकट दिसलं तर खाद्यातलं तेल जास्त आहे किंवा खवट आहे. कटला मुळातच अंगानं रुंद, त्याचा आकडा जास्त येतो. त्याची तुलना रोहूशी नको.

---

कोयनाकाठ | १४ जुलै, रात्री ८:२०

दोन शंका. सॅमनला समुद्रात सोडण्याआधी खाद्यात मीठ वाढवतात म्हणे, आपण वाढवावं का? आणि धरणातली बारीक मासळी कच्चीच कुटून घातली तर फिश मील वाचेल का?

---

पोषणशास्त्र_सांगली | १४ जुलै, रात्री ९:००

मीठ: नाही. ते गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाणाऱ्या माशासाठी, कल्ले आधीच तयार व्हावेत म्हणून देतात. आपली बोटुकली गोड्यातून गोड्यात जाते.

कच्ची मासळी: मुळीच नाही. बऱ्याच माशांत थायमिनेझ असतं, ते खाद्यातलं बी-१ मोडून टाकतं. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये चिनूक सॅमनची पिल्लं गरगर फिरून मरत होती, कारण त्यांच्या माद्या समुद्रात जवळजवळ अँकोव्ही या छोट्या माशावरच जगल्या होत्या आणि अंड्यांत बी-१ उतरलंच नव्हतं. पिल्लांना थायमिनच्या पाण्यात बुडवून उपचार करावे लागले. दुसरा धोका रोगाचा. अमेरिकेतल्या हॅचऱ्यांत एकेकाळी सॅमनचीच कच्ची आतडी-मांस पिल्लांना घालत, त्यातून माशांचा क्षयरोग पसरला. मांस पाश्चराइज करून वापरायला लागल्यावर तो आटोक्यात आला. मासळी घालायचीच तर उकळून, वाळवून, दळून.

---

मत्स्यबीज_काका | १५ जुलै, सकाळी ७:३०

शेवटच्या २० दिवसांचं लिहितो. २०,००० तल्या १४,००० जगल्या आणि सरासरी ८ ग्रॅम असतील तर तळ्यात ११२ किलो मासा आहे. तोवर ५ टक्क्यांनी रोज साडेपाच किलो खाद्य जात असतं. ते पहिल्या आठवड्यात ४ टक्क्यांवर, मग ३, शेवटी २. सगळं बुडणारं. जागा रोज बदलायची, वेळ बदलायची, काठावर उभं राहून मुठी मारायच्या नाहीत. लांब बांबूला डबा बांधून किंवा पाण्याखाली सोडलेल्या पाइपातून टाकायचं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण बंद.

खाद्य कमी केलं की तळ्यात नैसर्गिक अन्न हवंच, नाहीतर नुसती उपासमार. १० गुंठ्यांना आठवड्याला ५० किलो शेण आणि २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, रात्रभर भिजवून कडेकडेनं. पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी २५ ते ३० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी व्हावी. २० च्या आत दिसेनाशी झाली तर शेण थांबवा. ढगाळ दिवशी खाद्य आणि शेण दोन्ही बंद.

काढण्याआधी तीनदा, दोन-दोन दिवसांच्या अंतरानं जाळं ओढून मासे एकत्र आणायचे आणि सोडून द्यायचे. शेवटचे २४ तास हापात, वाहत्या पाण्यात, उपाशी. पोटात खाद्य राहिलं तर पिशवीत विष्ठा, विष्ठेतून अमोनिया, आणि महाबळेश्वरच्या वळणांवर पोहोचेपर्यंत पाणी दुधाळ. १८ लिटरच्या पिशवीत ६ लिटर पाणी आणि वर प्राणवायू. ८ सेंटिमीटरची बोटुकली लांबच्या प्रवासाला २५, जवळच्याला ५०. त्यावर भरू नका.

सांडवा बंद झाल्यावरच सोडायचं. भिंतीजवळ नाही, झुडपं बुडालेल्या खाडीच्या टोकाला, सकाळी लवकर. पिशवी २० मिनिटं पाण्यावर ठेवायची, तोंड उघडून हळूहळू बाहेरचं पाणी आत घ्यायचं आणि मासे आपले आपण बाहेर पडू द्यायचे.

---

जतचं_तळं | १५ जुलै, दुपारी ३:१०

हे सगळं केल्यावर फरक पडला की नाही ते कळणार कसं?

---

वाई_धोम | १५ जुलै, रात्री ९:३०

सॅमनवाल्यांना ते कळतं, कारण ते पिल्लाच्या पाठीमागचा छोटा मांसल पर कापतात आणि नाकाडात सुमारे एक मिलिमीटरची कोरलेली तार घालतात. कार्पला तो मांसल पर नसतो. आपल्याला पोटावरचा पर कापता येईल. जुन्या खाद्यावरच्या १,००० माशांचा डावा, नव्या खाद्यावरच्या १,००० चा उजवा, अगदी मुळापासून. अर्धवट कापला तर परत उगवतो आणि पुढं ओळखू येत नाही.

---

मत्स्यबीज_काका | १५ जुलै, रात्री १०:०५

बरोबर, पण दोन्ही गट एकाच लांबीचे निवडा, एकाच दिवशी, एकाच जागी सोडा. नाहीतर लांबीचा फायदा खाद्याच्या नावावर जमा होईल. कापणी पोटं रिकामी झाल्यावर, पहाटेच्या गार पाण्यात, लवंग तेलाच्या सौम्य गुंगीत. नंतर दोन दिवस हापात ठेवून मेलेले मोजून वजा करा.

सोडण्याआधी सोपी चाचणीही करा. मोठ्या टबात ३० मासे टाकून हातानं पाणी गोल फिरवा. धडधाकट मासे लगेच प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून कडेला टिकतात. पाच-सहा जण मधल्या भोवऱ्यात गोळा झाले तर तो लॉट आणखी आठवडाभर थांबवा.

---

कोयनाकाठ | १६ जुलै, सकाळी ६:५५

पर कापलेले मासे पुढच्या हंगामात जाळ्यात आले तर नोंद मच्छीमार संस्थेच्या वजनकाट्यावरच व्हायला हवी, कारण धरणावर मासा वजन झाला की तासाभरात टेम्पोत जातो. काट्याशेजारी वही, चार रकाने: तारीख, जात, वजन, डावा की उजवा. सभासदांना हे सोडायच्या आधीच सांगायला हवं. आमच्या इथली वही मी आखून ठेवतो. ताई, एका घाण्याला २५ किलो धरून तुमच्या फॉर्म्युल्याचे आकडे टाकता का? साच्यात एका वेळी तेवढंच बसतं.

---

पोषणशास्त्र_सांगली | १६ जुलै, सकाळी ९:२०

सोया डीओसी साडेसात किलो, शेंगपेंड ५, फिश मील ३, पॉलिश साडेपाच, गव्हाचं पीठ ३, तेल ३७५ ग्रॅम, मोनोकॅल्शियम फॉस्फेट २५० ग्रॅम, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण २५० ग्रॅम, मीठ १२५ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची ३५ टक्क्यांची पावडर २१ ग्रॅम, ई ची ५ ग्रॅम. शेवटची दोन आधी अर्धा किलो पिठात कालवा, मग तेलात मिसळून घाला. एवढीशी पावडर २५ किलोत थेट टाकली तर सगळीकडं सारखी पोहोचत नाही. हे अर्धा किलो पीठ वरच्या ३ किलोंतलंच, पण आधी वेगळं भाजून ठेवा. बाकीच्याबरोबर ते वाफेला जाणार नाही.